सोन्याजवळ विझणारा, सोन्याजवळच उजळणारा प्रकाश

विशेष प्रतिनिधी

प्रकाश देणाऱ्या रंगद्रव्याचा एखादा रेणू सोन्याच्या अतिसूक्ष्म कणाला अगदी चिकटून बसला, तर त्याचा प्रकाश जवळजवळ नाहीसा होतो. तोच रेणू त्याच कणापासून काही नॅनोमीटर दूर नेला, तर एकटा असताना तो जेवढा प्रकाश देत होता त्याच्या कित्येक पट प्रकाश देऊ लागतो. या दोन अवस्थांमधले अंतर मानवी केसाच्या जाडीच्या साधारण दहा हजाराव्या भागाइतके असते. रेणू तोच, धातू तोच, वरून पडणारा प्रकाशही तोच. तरीही परिणाम अगदी विरुद्ध.

हे कोडे केवळ भौतिकशास्त्रज्ञांच्या कुतूहलाचे नाही. रक्ततपासणीच्या अनेक आधुनिक पद्धतींमध्ये रोगाची खूण असलेल्या प्रथिनाला किंवा जंतूच्या डीएनएला असे प्रकाश देणारे रंगद्रव्य जोडले जाते आणि त्या प्रकाशावरून खुणेचे प्रमाण मोजले जाते. आजार सुरुवातीच्या टप्प्यात असतो तेव्हा अशा खुणा फारच थोड्या असतात आणि त्यांच्यापासून येणारा प्रकाश उपकरणाला जाणवत नाही. हा क्षीण प्रकाश धातूच्या कणांच्या मदतीने शेकडो पट वाढवता आला, तर निदान लवकर होऊ शकते आणि त्यासाठी लागणारे उपकरण स्वस्त व लहान होऊ शकते. मात्र कण चुकीच्या जागी बसला, तर होता तो प्रकाशही हातचा जातो. हा सगळा खेळ अंतराचा आहे. तो कसा चालतो, हे समजून घेण्यासाठी आधी रंगद्रव्याच्या रेणूकडे पाहावे लागेल.

उजळणारे रेणू

एका रंगाचा प्रकाश शोषून घेऊन क्षणार्धात दुसऱ्या रंगाचा प्रकाश बाहेर टाकण्याच्या गुणधर्माला इंग्रजीत फ्लुओरेसन्स आणि मराठीत अनुस्फुरण म्हणतात. आयरिश वंशाचे शास्त्रज्ञ जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी १८५२ मध्ये क्विनाइनच्या, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या पिढीला हिवतापाचे औषध म्हणून ठाऊक असलेल्या कोयनेलच्या, द्रावणावर प्रयोग केले. डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण पडले की हे पारदर्शक द्रावण निळे उजळते, हे त्यांनी दाखवले. फ्लुओरस्पार या खनिजावरून त्यांनी या आविष्काराला नाव दिले.

आपल्या रोजच्या जीवनात अनुस्फुरण सर्वत्र आहे. पांढऱ्या कपड्यांसाठी एके काळी घरोघरी वापरले जाणारे टिनोपाल हे अनुस्फुरकच. ते अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश देते आणि त्यामुळे कापडाचा पिवळटपणा झाकला जातो. आपल्या चलनी नोटांवरील क्रमांक अतिनील दिव्याखाली उजळतात, तेही अशाच शाईमुळे.

रेणूच्या पातळीवर पाहिले, तर ही तीन पायऱ्यांची क्रिया आहे. रेणू प्रकाशाचा एक कण, म्हणजे फोटॉन, गिळतो आणि उत्तेजित होतो. उत्तेजित अवस्थेत तो काही अब्जांश सेकंद, म्हणजे काही नॅनोसेकंद, राहतो. त्यानंतर त्याला मूळ स्थितीत परतावे लागते आणि परतण्याच्या वाटा दोन असतात. एका वाटेने गेला, तर तो नवा फोटॉन बाहेर टाकतो. दुसऱ्या वाटेने गेला, तर त्याची ऊर्जा रेणूच्या कंपनांमध्ये आणि आसपासच्या द्रवात उष्णतेच्या रूपाने विरून जाते. शंभर उत्तेजित रेणूंपैकी किती रेणू पहिली वाट धरतात, या प्रमाणाला शास्त्रज्ञ 'क्वांटम यील्ड' म्हणतात. आपण त्याला सोयीसाठी 'परतावा' म्हणू. उत्तम रंगद्रव्यांचा परतावा नव्वद टक्क्यांच्या वर असतो, तर अनेक रंगद्रव्यांचा तो दहा टक्केही नसतो.

या दोन वाटांमध्ये सतत शर्यत चालू असते. धातूचा कण शेजारी आला की या शर्यतीचे नियमच बदलतात.

लाल सोने

सोने पिवळे असते, हे आपण गृहीत धरतो. पण सोन्याचे वीस-तीस नॅनोमीटर व्यासाचे कण पाण्यात पसरले, तर ते पाणी माणकासारखे लाल दिसते. एक नॅनोमीटर म्हणजे एका मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. मायकेल फॅराडे यांनी १८५७ मध्ये अशी लाल द्रावणे तयार करून, त्यांचा रंग सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांमुळे आहे असा निष्कर्ष मांडला होता. त्यांनी बनवलेले नमुने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आजही जपून ठेवलेले आहेत. त्याहून कितीतरी आधी, चौथ्या शतकातील रोमन कारागिरांनी घडवलेला 'लायकर्गस चषक' ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. समोरून प्रकाश पडला की तो हिरवा दिसतो, आत दिवा ठेवला की लाल. काचेत मिसळलेले सोन्या-चांदीचे सूक्ष्म कण हे त्याचे कारण.

धातूमध्ये मोकळेपणाने फिरणारे असंख्य इलेक्ट्रॉन असतात. प्रकाशलहरीचे विद्युत्क्षेत्र त्यांना एकदा एका बाजूला, पुढच्या क्षणी दुसऱ्या बाजूला ढकलते. कण अगदी लहान असला की हे सर्व इलेक्ट्रॉन एकत्र, एका लयीत हिंदकळू लागतात. झोक्याला योग्य वेळी हात लावला की तो उंच जातो. तसेच प्रकाशाच्या विशिष्ट रंगाला हे हिंदकळणे कमालीचे वाढते. या सामूहिक आंदोलनाला 'प्लास्मॉन' असे नाव आहे. सोन्याच्या लहान गोल कणांसाठी ते ५२० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास, म्हणजे हिरव्या प्रकाशात घडते. चांदीसाठी ४०० नॅनोमीटरच्या आसपास, जांभळ्या प्रकाशात. हिरवा प्रकाश शोषला गेल्यामुळेच सोन्याचे द्रावण लाल दिसते. गर्भधारणा तपासणीच्या अनेक घरगुती पट्ट्यांवर उमटणारी लालसर रेघ हीसुद्धा बहुधा सोन्याच्या नॅनोकणांचीच असते. गोलाकार कण प्रकाश कसा शोषतात आणि विखुरतात, याचे गणित जर्मन शास्त्रज्ञ गुस्ताव मी यांनी १९०८ मध्ये मांडले.

प्लास्मॉन जागा झाला की कणाच्या पृष्ठभागालगतचे विद्युत्क्षेत्र येणाऱ्या प्रकाशापेक्षा कित्येक पट तीव्र होते. या तीव्रतेचा पल्ला फार छोटा असतो. कणाच्या त्रिज्येइतक्या अंतरात ती झपाट्याने ओसरते. आपला रंगद्रव्याचा रेणू नेमका याच परिसरात उभा आहे.

प्रकाश विझतो कसा?

रेणू धातूला खेटून असेल, तर परतण्याच्या दोन वाटांच्या जोडीला एक तिसरी वाट उघडते आणि ती अत्यंत वेगवान असते. उत्तेजित रेणू म्हणजे एक इवलेसे विद्युत् आंदोलकच. त्याचे क्षेत्र धातूतील इलेक्ट्रॉनांना हलवते आणि रेणूची ऊर्जा फोटॉनच्या रूपात बाहेर पडण्याआधीच धातूत शिरते. तिथे इलेक्ट्रॉनांच्या टकरींमध्ये तिची उष्णता होते. याला शमन म्हणतात.

दोन रंगद्रव्यांच्या रेणूंमध्येही अशी ऊर्जेची देवाणघेवाण होते. जर्मन शास्त्रज्ञ थिओडोर फर्स्टर यांनी १९४० च्या दशकात तिचे गणित मांडले. ती अंतराच्या सहाव्या घाताने घटते. अंतर दुप्पट झाले, तर देवाणघेवाण चौसष्टाव्या भागावर येते. त्यामुळे तिचा पल्ला दहा नॅनोमीटरच्या आतच संपतो. धातूचा पृष्ठभाग मात्र अधिक लांबून ऊर्जा ओढू शकतो. अमेरिकेतील जेफ्री स्ट्राउस आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये डीएनएची पट्टी मोजपट्टीसारखी वापरून हे दाखवले. तिच्या एका टोकाला १.४ नॅनोमीटरचा सोन्याचा कण होता आणि दुसऱ्या टोकाला रंगद्रव्य. इथे परिणाम चौथ्या घाताने घटताना दिसला. म्हणजे अंतर दुप्पट केले, तर तो सोळाव्या भागावर येतो. त्यामुळे शमनाचा पल्ला फर्स्टरच्या मर्यादेच्या दुपटीहून अधिक लांबला.

शमनाचे आणखी एक कारण जर्मनीतील म्युनिक येथील संशोधकांनी २००२ मध्ये पुढे आणले. धातू रेणूची ऊर्जा केवळ पळवतच नाही, तर काही स्थितींत रेणूची प्रकाश देण्याची क्षमताही कमी करतो. रेणूचे आंदोलन कणाच्या पृष्ठभागाला समांतर असेल, तर धातूत उमटणारे प्रतिआंदोलन नेमके त्याच्या विरुद्ध दिशेचे असते आणि दोन्ही एकमेकांना खोडतात. उलट रेणू पृष्ठभागाला काटकोनात उभा असेल, तर दोन्ही आंदोलने एकमेकांना साथ देतात. म्हणजे रेणू कुठे आहे याइतकेच तो कोणत्या दिशेला तोंड करून आहे, हेही महत्त्वाचे ठरते.

उजळण्याच्या दोन वाटा

धातूमुळे प्रकाश वाढतो तो दोन वेगवेगळ्या मार्गांनी. हे दोन मार्ग वेगळे ओळखता येणे पुढच्या हिशेबासाठी आवश्यक आहे.

पहिला मार्ग प्रकाश गिळण्याच्या पायरीवरचा. कणालगतचे क्षेत्र तीव्र असल्याने तिथे बसलेल्या रेणूला एरवीपेक्षा कितीतरी अधिक प्रकाश मिळतो आणि तो अधिक वेळा उत्तेजित होतो. नदीचे पात्र अरुंद झाले की पाण्याचा जोर वाढतो, तसाच काहीसा हा प्रकार. सर सी. व्ही. रामन यांच्या नावाने ओळखला जाणारा प्रकाशाच्या विकिरणाचा परिणाम अत्यंत क्षीण असतो. तो खडबडीत चांदीच्या पृष्ठभागावर अनपेक्षितपणे प्रबळ होतो, हे १९७० च्या दशकात लक्षात आले. त्यामागेही मुख्यतः हीच क्षेत्राची तीव्रता होती.

दुसरा मार्ग प्रकाश बाहेर टाकण्याच्या पायरीवरचा. रेणू स्वतः इतका लहान असतो की प्रकाशलहरी बाहेर पाठवण्याच्या कामात तो फारसा सक्षम नसतो. शेजारचा धातूकण त्याच्यासाठी अँटेनासारखा काम करतो. रेणूचे आंदोलन तो आपल्यात घेतो आणि मोठ्या ताकदीने बाहेर प्रक्षेपित करतो. त्यामुळे प्रकाश देण्याची वाट रुंद होते आणि शर्यतीत ती उष्णतेच्या वाटेला मागे टाकू शकते. एखाद्या अणू-रेणूने किती वेगाने प्रकाश द्यावा हे त्याच्या परिसरावरही अवलंबून असते, हा विचार एडवर्ड पर्सेल यांनी १९४६ मध्ये मांडला होता. अमेरिकेतील मेरिलँड विद्यापीठाचे जोसेफ लॅकोविझ यांनी २००१ च्या सुमारास या तत्त्वाच्या आधारे रंगद्रव्यांच्या उत्सर्जनाचा वेग हवा तसा घडवण्याची कल्पना पुढे आणली. क्रिस गेडिस यांच्यासोबत त्यांनी चांदीच्या सूक्ष्म बेटांनी मढवलेल्या काचांवर बरेच काम केले.

या दुसऱ्या मार्गाचा एक जोडलाभ आहे. चार नॅनोसेकंद उत्तेजित राहणारा रेणू एका सेकंदात जास्तीत जास्त पंचवीस कोटी वेळाच ही फेरी पूर्ण करू शकतो. अँटेनामुळे तो वेळ दहापटीने घटला, तर फेऱ्या दहापट होऊ शकतात. शिवाय उत्तेजित अवस्थेत असतानाच रेणू ऑक्सिजनसारख्या घटकांच्या तडाख्यात सापडून कायमचा निकामी होण्याचा धोका सर्वाधिक असतो. त्या अवस्थेतील मुक्काम आखूड झाला की निकामी होण्याआधी तो अधिक प्रकाश देऊन जातो.

अंतराचा निवाडा

मग विझणार की उजळणार, हे ठरते कशावर? याचा पहिला सुंदर धडा १९६० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत कार्ल ड्रेक्सहागे यांनी घालून दिला. त्यांनी चांदीच्या सपाट आरशावर मेदाम्लाचे एक रेणू जाडीचे थर एकावर एक रचले आणि वर युरोपियम या मूलद्रव्याचे लाल प्रकाश देणारे संयुग ठेवले. थरांची संख्या बदलली की आरशापासूनचे अंतर बदलायचे. अंतर वाढत गेले तसा संयुगाच्या उत्तेजित राहण्याचा काळ कधी वाढत, कधी घटत गेला. आरशावरून परतलेली लहर मूळ लहरीला कधी साथ देत होती, कधी छेद देत होती. आरशाच्या अगदी जवळ मात्र हा काळ एकदम कोसळला. ऊर्जा धातूत जात होती.

सूक्ष्म कणांच्या बाबतीत मात्र बराच काळ गोंधळ होता. काही प्रयोगांत प्रकाश वाढलेला दिसे, काहींत घटलेला. निर्णायक उत्तर २००६ मध्ये मिळाले. अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठातील पास्काल अँगर, पलाश भारद्वाज आणि लुकास नोवोत्नी यांनी ८० नॅनोमीटरचा सोन्याचा एकच कण रंगद्रव्याच्या एकाच रेणूजवळ हळूहळू आणला. कण जवळ येत गेला तसा प्रकाश वाढत गेला. साधारण पाच नॅनोमीटरवर तो कळसाला पोहोचला आणि त्याहून जवळ जाताच वेगाने कोसळला. वाढ आणि शमन या एकाच आलेखाच्या दोन बाजू आहेत, हे प्रथमच प्रत्यक्ष दिसले. त्याच वर्षी झुरिकमधील वाहिद संदोघदार यांच्या गटानेही एका कणाजवळ एका रेणूचा प्रकाश वीस पटींहून अधिक वाढल्याचे आणि त्याचा उत्तेजित काळ सुमारे वीस पटींनी घटल्याचे नोंदवले.

या आलेखामागचे कारण थोडक्यात सांगता येते. अँटेनाचा पल्ला कणाच्या आकाराएवढा, म्हणजे मोठ्या कणाबाबत काही दशक नॅनोमीटरांचा असतो. रेणूची ऊर्जा धातूत गाडणाऱ्या वाटेचा जोर मात्र अंतर वाढताच फार लवकर ओसरतो. पाच ते पंधरा-वीस नॅनोमीटरच्या पट्ट्यात शमन मंदावलेले असते आणि अँटेनाचा लाभ अजून शिल्लक असतो. हाच तो उपयोगाचा पट्टा. योगायोगाने जीवसृष्टीचे रेणूही याच मापाचे आहेत. एक प्रतिपिंड साधारण दहा-पंधरा नॅनोमीटरचा असतो आणि डीएनएच्या तीस पायऱ्यांची लांबी दहा नॅनोमीटर भरते. प्रथिनांचा किंवा डीएनएचा थर हाच धातू आणि रंगद्रव्य यांच्यातला ठोकळा म्हणून वापरता येतो.

इथे एक फसवी जागा आहे. उत्तेजित काळ घटला, एवढ्यावरून प्रकाश वाढला असा निष्कर्ष काढता येत नाही. धातूने ऊर्जा पळवली तरी तो काळ घटतो आणि अँटेनाने ती बाहेर पाठवली तरीही घटतो. काळ घटला आणि तेजही वाढले, तर बाहेर पडण्याची वाट रुंद झाली असण्याची शक्यता मोठी. काळ घटला आणि तेज मंदावले, तर ते शमन. तेज वाढले पण काळ तसाच राहिला, तर लाभ केवळ अधिक प्रकाश गिळण्याचा. म्हणून अशा प्रयोगांत तेज आणि काळ दोन्ही मोजावे लागतात.

आकार आणि घडण

अंतराइतकाच कणाचा आकार महत्त्वाचा. कण प्रकाश शोषतो तो त्याच्या घनफळाच्या प्रमाणात, पण विखुरतो तो घनफळाच्या वर्गाच्या प्रमाणात. त्यामुळे पाच-दहा नॅनोमीटरचे कण बहुतांशी प्रकाश गिळतात आणि शेजारच्या रेणूचा प्रकाश विझवतात. ऐंशी-शंभर नॅनोमीटरचे कण प्रामुख्याने प्रकाश विखुरतात आणि तेच चांगले अँटेना ठरतात. दोन कण अगदी जवळ आणले, तर त्यांच्या मधल्या फटीत क्षेत्र आणखी एकवटते. टोकदार कणांच्या टोकांवरही तसेच घडते. कणाच्या प्लास्मॉनचा रंग रंगद्रव्याच्या प्रकाशाशी जुळणे हेही आवश्यक असते. कणाची घडण बदलली की हा रंग बदलतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये गवती चहाच्या अर्काने सोन्याचे सपाट त्रिकोणी कण तयार केले होते. गोल कण हिरवा प्रकाश शोषतात, तर हे त्रिकोण डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश शोषत होते. तेच सोने, केवळ घडण वेगळी.

'इतक्या पट' म्हणजे नेमके किती?

या क्षेत्रातील बातम्यांमध्ये 'प्रकाश हजारपट वाढला' अशी विधाने नेहमी आढळतात. ती खोटी नसतात, पण त्यांचा अर्थ नीट लावावा लागतो. एक साधा हिशेब करून पाहू.

समजा, एका रंगद्रव्याचा परतावा दहा टक्के आहे. म्हणजे प्रकाशाच्या वाटेचा वेग १ मानला, तर उष्णतेच्या वाटेचा वेग ९. अँटेनाने प्रकाशाच्या वाटेचा वेग दहापट केला, तर ते प्रमाण १० विरुद्ध ९ होते आणि परतावा सुमारे ५३ टक्क्यांवर जातो. म्हणजे प्रकाश पाचपटींहून अधिक. आता पंच्याण्णव टक्के परताव्याचे रंगद्रव्य घ्या. त्याच अँटेनाने त्याचा परतावा साडेनव्व्याण्णव टक्के होईल. शंभर टक्क्यांच्या पुढे जाण्यास जागाच नाही. हा हिशेब करताना धातूत वाया जाणारी ऊर्जा आपण धरलेली नाही. ती धरली तर उत्तम रंगद्रव्याचा परतावा घटूही शकतो. तात्पर्य, मंद रंगद्रव्याला धातूचा फायदा मोठा आणि तेजस्वी रंगद्रव्याला तो मुख्यतः अधिक प्रकाश गिळण्यापुरताच.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात २००९ मध्ये सोन्याच्या दोन त्रिकोणांची टोके समोरासमोर आणून बनवलेल्या अँटेनाने एका रेणूचा प्रकाश १,३४० पट वाढवल्याची नोंद झाली. पुढे २०१४ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळवणारे विल्यम मोअर्नर या कामात सहभागी होते. कामगिरी मोठीच होती. पण त्यासाठी निवडलेल्या रंगद्रव्याचा मूळ परतावा सुमारे अडीच टक्केच होता, हे त्या आकड्यासोबत वाचले पाहिजे.

दुसरी गोष्ट सरासरीची. आकडा बहुधा सर्वोत्तम जागी बसलेल्या रेणूचा असतो. अशी जागा कणांच्या मधली काही नॅनोमीटरांची फट असते आणि नमुन्यातील बहुसंख्य रेणू तिच्या बाहेरच राहतात. रुग्णाच्या तपासणीत महत्त्व असते ते सर्व रेणूंच्या सरासरीला.

विझण्याचाही उपयोग

शमन हा नेहमीच शत्रू नसतो. २००१ मध्ये बेनुआ द्युबेर्त्रे आणि सहकाऱ्यांनी डीएनएचा एक धागा केसाच्या पिनेसारखा दुमडून त्याच्या एका टोकाला १.४ नॅनोमीटरचा सोन्याचा कण आणि दुसऱ्या टोकाला रंगद्रव्य जोडले. धागा दुमडलेला असताना दोन्ही टोके एकमेकांना खेटून असतात आणि प्रकाश विझलेला राहतो. जोडीचा नेमका धागा भेटला की पिन उघडते, टोके दूर जातात आणि प्रकाश प्रकटतो. ही वाढ काही हजार पटींपर्यंत पोहोचल्याचे त्यांनी नोंदवले. धाग्यातील एका अक्षराचा फरकही या पद्धतीने ओळखता आला. अंधाऱ्या खोलीत लागलेला बारीक दिवाही चटकन दिसतो, तेच तत्त्व इथे कामी येते.

प्रयोगशाळेतून रुग्णालयाकडे

रेणू नेमका योग्य जागी कसा बसवायचा, हा या विषयातला सर्वांत कठीण प्रश्न. त्याला अलीकडे डीएनएनेच उत्तर दिले आहे. डीएनएचे धागे कागदाच्या घड्यांप्रमाणे दुमडून हवा तो आकार घडवण्याच्या 'ओरिगामी' तंत्राने जर्मनीतील फिलिप टिनेफेल्ड यांच्या गटाने २०१२ मध्ये सूक्ष्म खांब उभारले. त्यांना दोन बाजूंनी शंभर नॅनोमीटरचे सोन्याचे कण जोडले आणि मधल्या २३ नॅनोमीटरच्या फटीत रंगद्रव्य बसवले. प्रकाश ११७ पटींपर्यंत वाढला. २०२१ मध्ये त्यांच्याच गटाने चांदीचे कण वापरून आणि तपासायच्या रेणूसाठी मधली फट मोकळी ठेवून सरासरी ८९ पट, तर कमाल ४६१ पट वाढ मिळवली. प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या क्लेबसिएला जंतूच्या डीएनएचे एकेकटे रेणू त्यांनी साध्या स्मार्टफोनच्या कॅमेऱ्यावर आधारलेल्या सूक्ष्मदर्शकातून पाहिले. एरवी या कामासाठी महागडी प्रयोगशाळा लागते. औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंची लागण झालेल्या रुग्णासाठी योग्य औषध लवकर ठरणे हा जिवाचा प्रश्न असतो, हे लक्षात घेतले तर या फोनचे मोल कळते.

तरीही हे तंत्र नेहमीच्या तपासणीत रुळण्याआधी काही अडथळे पार करावे लागतील. लाखो कण एकाच मापाचे आणि एकाच घडणीचे बनवणे सोपे नाही; चांदीचे कण हवेत आणि क्षारयुक्त द्रवात टिकत नाहीत. रक्तातील अनेक घटक स्वतःच थोडेफार उजळतात आणि धातूचे कणही प्रकाश विखुरतात, त्यामुळे खऱ्या संदेशात गोंगाट मिसळतो. शिवाय शोधायचा रेणू त्या इवल्याशा फटीपर्यंत वाहत जाऊन पोहोचण्यास वेळ लागतो. नमुन्यात असे रेणू जितके कमी, तितकी ही प्रतीक्षा लांबते.

म्हणून यापुढे सोन्या-चांदीच्या कणांनी निदान शेकडो पट संवेदनशील झाल्याची बातमी वाचनात आली, तर जाणकार वाचकाने चार प्रश्न अवश्य विचारावेत. मूळ रंगद्रव्य किती तेजस्वी होते? सांगितलेली वाढ सरासरी आहे की एका भाग्यवान रेणूची? रेणू आणि धातू यांतील अंतर कशाने राखले होते? आणि तपासणी शुद्ध द्रावणात झाली की रुग्णाच्या रक्तात? चारही उत्तरे समाधानकारक असतील, तर ते संशोधन प्रयोगशाळेबाहेर पडण्याच्या मार्गावर आहे असे समजण्यास हरकत नाही.